धाकटीच्या चपात्या

मी लहानपणी हावरट होते. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढचं सगळं त्याच्यावर उभं आहे, आणि या वयात लाजायचं तरी कुणाला? खायची वस्तू दिसली की माझा हात मला न विचारता तिकडं जायचा. आई म्हणायची, "या कार्टीला भस्म्या झालाय." आत्या म्हणायची, "भस्म्या न्हाई, आईच्या वळणावर गेलीया." मग त्या दोघींची जुंपायची, आणि तेवढ्यात मी फडताळातला गूळ काढून खायची.

आम्ही पिंपरीला राहत होतो. दादा, म्हणजे आमचे वडील, कारखान्यात फिटर होते. पन्नास सालानंतरची ती वर्षं. तेव्हाची पिंपरी म्हणजे रेल्वेचं स्टेशन, निर्वासितांच्या बराकी, कारखान्यांच्या नुकत्याच उठलेल्या दोन-चार चिमण्या आणि बाकी सगळ्या बाभळी. कारखान्यानं दिलेल्या दोन खोल्यांत आम्ही पाच जण: दादा, आई, मी, माझ्या पाठची धाकटी बहीण आणि आत्या. आत्या दादांची थोरली बहीण, लहान वयातच विधवा झालेली. माझ्या जन्माच्या वेळी ती साताऱ्याकडून आठ दिवसांसाठी म्हणून आली होती. मी चौथीत गेले तरी तिचे आठ दिवस भरले नव्हते. पगार दादा आणायचे, स्वयंपाक आई करायची आणि राज्य आत्या करायची.

घरात रोजची भाकरी. थंडीत बाजरीची, एरवी ज्वारीची. चपाती व्हायची ती तीनच कारणांनी: सण, पाहुणा, नाहीतर दुखणं. यातलं एकही माझ्या हातात नव्हतं. सण आपल्या दिवशीच यायचा, पाहुणे दोन खोल्या बघून चहावरच उठायचे, आणि दुखणं मला शिवायचं नाही. शेजारची पोरं तापानं फणफणून पडायची, त्यांना दूध-पाव मिळायचा, बिस्किटं मिळायची. मी आपली त्यांच्या दारात उभी, ठणठणीत. देवाला म्हणायची, बाबा, एकदा तरी मला गोवर आण.

आत्याचं एक ठरलेलं वाक्य होतं. "भाकरीनं पोट भरतं, चपातीनं अंग भरतं." गहू म्हणजे मोठ्या लोकांचं अन्न, वाड्यावरचं, इनामदारांचं. त्यामुळं घरात जो अशक्त असेल त्याला गहू, आणि जी घोड्यासारखी असेल तिला भाकरी. घोडी म्हणजे मी.

धाकटी झाली तेव्हा चांगली गुटगुटीत होती. अंगावर पीत होती तोवर तिच्या मांड्यांना वळ्या पडायच्या. सहाव्या महिन्यात मामानं येऊन तिचं उष्टावण केलं. आत्यानं त्यासाठी खास गव्हाचं सत्त्व केलं होतं. गहू तीन दिवस भिजत घालायचे, वाटायचे, फडक्यातून गाळायचे, खाली बसलेला पांढरा साका उन्हात वाळवायचा, आणि त्याची तूप-गूळ घालून खीर करायची. पातेलं मी चाटलं. काय खीर होती! अजून जिभेवर आहे.

वर्षाची होता होता धाकटीचं बाळसं उतरलं. दोन वर्षांची झाली तेव्हा हातापायाच्या काड्या आणि पोटाचा नगारा. केस तांबूस, विरळ. दिवसातून पाच-सहा वेळा ढाळ, फिकट, फेसाळ, आणि इतका घाण वास की शेजारीण नाकाला पदर लावून खिडकी ओढून घ्यायची. पोर हसायची नाही. नुसती किरकिर, किरकिर. चालायला लागली होती ती पुन्हा बसली, आणि एकदा बसली की उठायची नाही.

मग काय विचारता, जो येईल तो वैद्य. शेजारीण म्हणाली, जंत. तिनं वावडिंगाचा काढा दिला. चिंचवडचे वैद्य म्हणाले, मुडदूस. त्यांनी कसल्याशा तेलानं मालीश सांगितलं. दवाखान्यातल्या कंपाउंडरनं लाल मिक्श्चर दिलं, बाटलीवर कागदाच्या खुणा चिकटवून. आत्याचं निदान मात्र पहिल्या दिवसापासून पक्कं होतं: दृष्ट. तीही साधीसुधी नाही, जळक्या माणसाची. दर शनिवारी ती मीठ-मोहऱ्या उतरून टाकायची, आणि अवसेला कणकेचे दिवे करून पोरीला ओवाळायची. त्या दिव्यांची कणीक वाया जायला नको म्हणून दुसऱ्या दिवशी त्याच कणकेचे मुटके उकडून पोरीच्याच तोंडात.

औषधं सगळ्यांची निरनिराळी, पण पथ्य सगळ्यांचं एकच. पोरीला ताकदीचं घाला. ताकदीचं म्हणजे गहू. सकाळी दूध-पाव. मग सत्त्वाची खीर. दुपारी चपाती दुधात कुस्करून. तिसऱ्या प्रहरी शेवया नाहीतर सातूचं पीठ. संध्याकाळी रव्याची पेज. घरात आलेला गव्हाचा दाणा न् दाणा त्या एवढ्याशा पोटात जात होता, आणि पोट तेवढं फुगत होतं. धाकटी तोंड फिरवायची, ओठ घट्ट मिटून घ्यायची. आत्या तिला मांडीवर आडवी घेऊन, नाक दाबून भरवायची. मी समोर बसून आवंढे गिळायची. खोटं कशाला बोलू, मला तिच्या आजाराची दया यायची त्यापेक्षा तिच्या पथ्याचा हेवा जास्त वाटायचा.

माझी चौथीची परीक्षा झाली त्या उन्हाळ्यात वैद्य म्हणाले, हवापालट करून बघा. मामाचं गाव चाकणच्या पलीकडं, डोंगराच्या अंगाला. पण नेमका तेव्हाच आत्याचा हात मोडला होता, न्हाणीत पाय घसरून. आईला घर सोडता येईना. मग असं ठरलं की आम्हा दोघींनाच मामानं घेऊन जायचं आणि धाकटीचं मी बघायचं.

निघताना आत्यानं मामाच्या हातात एक मोठा पितळी डबा दिला. चार शेर कणीक, चाळून, दाबून भरलेली. "तुमच्याकडं गहू नसंल," आत्या म्हणाली. "पोरीला रोज तीन चपात्या करून घाला. तिलाच घाला." आणि झाकण लावण्याआधी तिनं चांगल्या हाताचा पंजा कणकेवर असा उमटवला, की कुणी वरची कणीक हलवली तर समजावं. मामा हसला, पण त्याचे कान लाल झाले.

मामी मानी बाई. डबा उघडून तो पंजा बघितला आणि तिच्या डोक्यात तिडीक गेली. "आमी काय पोरीच्या तोंडचं खानार हाय व्हय?" म्हणाली, आणि त्या दिवसापासून तिनं त्या कणकेतली चिमूटसुद्धा स्वतःच्या पोरांना दाखवली नाही. रोज दुपारी मोजून तीन चपात्या, तूप लावून, ताटलीत घालून माझ्या हातात द्यायची. "जा, घाल तुझ्या भनीला." मग ती शेतावर जायची.

आता बघा. हातात तीन चपात्या, गरम, तूप ओघळतंय. समोर धाकटी, ओठ मिटून. आजूबाजूला चिटपाखरू नाही. आणि मी कोण, ते पहिल्याच वाक्यात सांगितलं आहे.

पहिल्या दिवशी मी तिला विचारलं तरी. "खातेस?" तिनं मान हलवली. माझ्या ताटलीत नाचणीची भाकरी होती आणि वाटीत ताक. तिनं तिकडं बोट केलं. सौदा झाला. मी भाकरी ताकात कुस्करून तिला दिली, ती मटामटा खाल्ली तिनं. मी गोठ्याच्या मागं जाऊन तीन चपात्या खाल्ल्या. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवसापासून ती स्वतःच ताटली माझ्याकडं सरकवायची आणि हात पुढं करायची. तिला नाचणी, वरईचा भात, तांदळाची भाकरी, आंबील काहीही चालायचं. मी तिला गळ्याची शपथ घातली होती कुणाला सांगायचं नाही म्हणून. तीन वर्षांच्या पोरीला शपथ काय कळणार, पण तिनं पाळली.

आणि काय सांगू, पंधरा दिवसांत पोर हसायला लागली! ढाळ थांबले. पोट खाली बसलं. विसाव्या दिवशी ती वासराच्या मागं दुडदुडत गेली, तेव्हा मामानं तिला खांद्यावर घेऊन गावभर फिरवलं. मामी म्हणाली, "बघा, माज्या हाताच्या चपात्या!" माझेही गाल वर आले होते, ते कुणाच्या लक्षात आलं नाही. घोडीच्या गालांकडं कोण बघतं?

पावसाच्या आधी मामानं आम्हाला परत आणलं. चाकणहून एसटीनं भोसरीपर्यंत, तिथून पुढं दादा सायकल घेऊन न्यायला आलेले. धाकटी दांडीवर बसून घंटी वाजवत घरी आली. आईनं तिला छातीशी धरलं ती सोडेचना. आत्यानं रिकामा डबा उलटा करून बघितला, हात घालून बघितला, आणि म्हणाली, "खाल्लं बरं का पोरीनं. बघा, मी म्हनत न्हवते? गव्हाचा गुन हाय." दादा म्हणाले, हवेचा. त्यावर आठ दिवस वाद चालला. जिंकली आत्या. त्या आनंदात तिनं नवा गहू आणला, नवं सत्त्व केलं आणि भरवणं दुप्पट केलं.

महिन्याभरात पोर पुन्हा जमिनीला लागली. या वेळी पहिल्यापेक्षा वाईट. पायांवर सूज आली. डोळे खोल गेले. रडायचं त्राणसुद्धा राहिलं नाही, नुसती कण्हायची. आई तिच्या उशाशी बसून राहायची, तव्यावरची भाकरी करपायची. दादा कामावरून येऊन दारातच विचारायचे, "आहे ना?" एवढंच.

आणि आत्या एक नवीन वाक्य बोलायला लागली. "कुनीतरी पोरीच्या तोंडचा घास काढतंय." तिला म्हणायचं होतं बाहेरचं काहीतरी, भूतबाधा. मला कळलं ते वेगळंच. मी तिच्या तोंडचा घास काढला होता. एक नाही, रोज तीन, चांगला महिनाभर. तिच्या वाटणीची ताकद मी गोठ्यामागं बसून खाल्ली आणि आता तिची ताकद संपली, असा सरळ हिशोब माझ्या डोक्यात बसला. माझी बहीण मरणार आणि मी तिला खाऊन मारली. हे कुणाला सांगणार? मी जेवणं कमी केलं. आई म्हणाली, "बाई गं, ही बी आजारी पडली का काय?" आणि आत्यानं मला चपाती दिली. आयुष्यभर मागितलेली चपाती अशी पुढ्यात आली, आणि घशाखाली उतरेना.

शेवटी दादांच्या एका सोबत्यानं पुण्यातल्या एका डॉक्टरांचं नाव सांगितलं. फक्त मुलांचेच डॉक्टर, विलायतेला शिकून आलेले. आत्याला मुळात हेच पटेना. "पोरांचा येगळा डाक्टर? उद्या म्हताऱ्यांचा येगळा काढतील." पण मोठ्या माणसांनी नेलं धाकटीला. डॉक्टर बुटके, टक्कल पडलेले, कमी बोलणारे. धाकटीचं पोट दाबून बघितलं, दंडाची कातडी चिमटीत धरली, आणि दोन गोष्टी सांगितल्या. एक, आठ दिवस ती काय काय खाते ते सगळं लिहून आणा. दोन, येताना तिची शी डबीत घालून आणा.

आत्या तिथंच देव देव करायला लागली. घरी आल्यावर प्रश्न पडला, घट्ट झाकणाची डबी कुठली? अख्ख्या घरात तशी एकच होती, आत्याची मिश्रीची. दादांनी तिच्यापुढं हात जोडले. आत्या दोन दिवस बोलली नाही, तिसऱ्या दिवशी डबी घासून, पुसून दादांपुढं आपटली आणि म्हणाली, "घ्या. आता दातबी घ्या काढून."

लिहायचं काम माझ्याकडं आलं, कारण घरात माझं अक्षर त्यातल्या त्यात बरं. शाळेच्या वहीत मी आठ दिवस इमानदारीनं लिहिलं. पुन्हा पुण्याला गेलो तेव्हा वही वाचायला मलाही नेलं, कारण ते बरं अक्षर मला सोडून दुसऱ्या कुणाला लागायचं नाही. पण डॉक्टरांनी चष्मा वर करून स्वतःच वाचायला घेतलं, मोठ्यानं. "सकाळी दूध-पाव. मग सत्त्वाची खीर. पातेलं मी चाटलं. दुपारी चपाती-दूध. तिसऱ्या प्रहरी आत्याने रव्याचा लाडू दिला. अर्धा मी खाल्ला." त्यांनी वहीवरून माझ्याकडं बघितलं. मिशीत हसल्यासारखं वाटलं.

पानं उलटता उलटता त्यांचं हसू गेलं. आईला म्हणाले, "बाई, हिला गव्हाशिवाय काही देता का?"

आत्या पुढं सरकून म्हणाली, "बाकीचं आमी खातो. आमी काय पोरीला भाकरी घालतो व्हय?"

डॉक्टर थोडे पुढं झुकले. म्हणाले, "कधी मधे बरी होती का ही? एखादा महिना तरी?"

"व्हय," आई म्हणाली. "उन्हाळ्यात, माझ्या भावाकडं. चालायला लागली होती. पोट बसलं होतं."

"तिथं काय खात होती?"

"हेच की. कणीक दिली होती बरोबर, चार शेर. रोज तीन चपात्या खायची. डबा रिकामा आला."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. खुर्चीत मागं टेकले. "मग गहू नव्हे," असं स्वतःशीच म्हणाले. मग दादांना म्हणाले, मला एका गोष्टीची शंका आली होती, पण तसं दिसत नाही. दवाखान्यात ठेवावी लागेल. पोटाचा फोटो काढू, तपासण्या करू. पण पोर फार खंगली आहे, हा पावसाळा निभावेल असं मी तुम्हाला खोटं सांगणार नाही.

दादांनी टोपी काढून हातात धरली. आईनं धाकटीला घट्ट धरलं आणि तोंडातून एकच आवाज काढला, हूं असा. मी टेबलाच्या कडेला उभी होते. मला गव्हाचं काहीही कळलं नव्हतं. मला एवढंच कळलं की हा माणूस चपात्यांचा हिशोब धरून काहीतरी ठरवतोय आणि तो हिशोब खोटा आहे, आणि खरा फक्त मला ठाऊक आहे. सांगितलं तर मी चोर. चोरसुद्धा नाही, त्याहून वाईट.

"तिनं नाही खाल्ल्या," मी म्हणाले.

"काय?"

"चपात्या. तिनं नाही खाल्ल्या. मी खाल्ल्या." आणि एकदा तोंड उघडल्यावर सगळंच बाहेर आलं, गोठा, ताटली, नाचणी, ताक, गळ्याची शपथ, आणि वर भोकाड. "मी तिच्या तोंडचा घास काढला! माझ्यामुळं मरतीय ती!"

आत्याचा हात वर गेला, तोच, मोडून जुळलेला. "अगं सटवे!" डॉक्टर खुर्चीतून उठलेच. "थांबा, आजीबाई! हात लावू नका तिला." टेबलाला वळसा घालून ते माझ्यापुढं येऊन उकिडवे बसले. एवढा मोठा डॉक्टर, कोटातला.

"किती खाल्ल्यास?"

"सगळ्या."

"रोज?"

"रोज."

"हिनं एकही नाही? तुकडासुद्धा?"

मी नाक ओढत म्हणाले, "तुकडा कशाला सोडीन मी?"

तेव्हा तो माणूस इतका हसला की बाहेरची नर्स दार उघडून आत डोकावली. मग माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "अगं वेडे, तू खाल्ल्यास म्हणूनच तर ती चालायला लागली."

मग त्यांनी सगळ्यांना बसवून समजावलं. काही मुलांच्या आतड्यांना गहू सोसत नाही. तो आतून आतडं खरवडल्यासारखं करतो, मग खाल्लेलं काहीच अंगी लागत नाही. त्यांनी त्याचं इंग्रजी नाव सांगितलं, सीलिअ‍ॅक. म्हणाले, हे डॉक्टरांनाही नुकतं कळलंय. लढाईत विलायतेकडच्या एका देशात लोकांना पाव मिळेना, सगळे उपाशी, आणि नेमकी अशी आजारी पोरं सुधारायला लागली. लढाई संपून पाव आला तशी पुन्हा बिघडली.

"म्हंजे पोर बरी व्हायला लढाई पायजे?" आत्यानं विचारलं.

"लढाई नको. गहू बंद करा. चपाती, पाव, रवा, मैदा, शेवया, सातू, सत्त्व, सगळं. तुम्ही खाता ती भाकरी घाला तिला."

"भाकरी? आजारी पोरीला?" आत्याला हे ऐकवेना. "आवं डाक्टर, गहू नैवेद्याला चालतो! देवाला चालतो तो हिला बाधंल?"

"आजीबाई, देवाला चालतो. हिला नाही चालत."

बाहेर पायऱ्यांवर आल्यावर आईनं धाकटीला दादांकडं दिलं आणि माझ्या पाठीत एक असा धपाटा घातला की मी दोन पायऱ्या खाली. मग मला ओढून जवळ घेतलं आणि रडायला लागली. "मेले, आधी बोलली असतीस तर? दोन महिने माझं पोर झिजलं नसतं गं." ते अजून मला लागतं. पोरवयात गप्प बसण्याचं कारण भलतं होतं, पण ते दोन महिने गेले ते गेलेच.

घरातून गहू गेला. नुसता धाकटीच्या ताटातून नाही, घरातूनच. आई म्हणाली, पीठ उडतं, हात लागतो, मला धोका नको. सणालासुद्धा तांदळाची घावनं. म्हणजे मी आयुष्यात एकदा खरं बोलले आणि त्या दिवसापासून चपातीला कायमची मुकले. खऱ्याला वाली नाही म्हणतात ते उगाच नाही.

धाकटी दहा-बारा दिवसांत हसली. महिन्यानं उभी राहिली. दसऱ्याला बाजरीची भाकरी दोन्ही हातांत धरून ओसरीवर बसली होती, तोंडभर तीळ. आणि दिवाळीच्या तोंडावर एके दिवशी अचानक पुन्हा ढाळ. पोट पुन्हा टम्म.

संशय कुणावर? अर्थात माझ्यावर. आईनं मला कोपऱ्यात घेतलं, दादांनी दप्तर उलटं केलं. मी गळ्याची शपथ घेतली, देवाची घेतली, विद्येची घेतली. कुणी विश्वास ठेवायला तयार नाही. मी ओरडले, "गहू मिळाला असता तर मी तिला दिला असता का?" यावर दादा विचारात पडले, कारण मुद्दा बिनतोड होता.

तेव्हा आत्या आतून बाहेर आली. "तिला नका बोलू," म्हणाली. "मी घातल्या. शेजारनीकडनं आनून. वाटीभर शेवया. मला वाटलं, पोर आता बरी झाली, थोडक्यानं काय व्हतंय. मला वाटलं, त्या डाक्टरलाच कळत न्हाई." आणि खाली बसली. राज्य करणारी बाई ती, तिला अशी खाली बसलेली मी कधी बघितली नव्हती. "तीन वरसं नाक दाबून मीच घालत व्हते गं," एवढं आईला म्हणाली आणि पदर तोंडात कोंबला. आई तिच्याजवळ जाऊन बसली. त्या दोघी भांडल्याशिवाय एकमेकींच्या शेजारी बसलेल्या मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिल्या.

काशीला गेलेली माणसं तिथं आवडीचा एखादा पदार्थ सोडून येतात. आत्या काशीला कधी गेली नाही, पिंपरीच्या पलीकडं तिची काशी पुण्याचा तो दवाखाना. पण तिनं गहू सोडला. "भाकरीनं पोट भरतं" एवढं अर्धंच वाक्य ती पुढं म्हणायची. शेवटपर्यंत भाकरीवर राहिली. दात गेल्यावर ताकात कुस्करून खायची, धाकटीसारखी.

धाकटीचं पुढं सगळं चांगलं झालं. माझ्यापेक्षा चार बोटं उंच झाली. शिक्षिका झाली. आता मोशीला मुलाच्या फ्लॅटमध्ये असते. जिथनं मामाकडून येताना एसटीच्या खिडकीतून आम्ही बाभळी मोजत यायचो, तिथं आता मला तिची बिल्डिंग सापडत नाही. गव्हाला तिनं आजतागायत तोंड लावलेलं नाही. आणि मला म्हातारपणी साखर निघाली. आयुष्यभर खाऊ खाऊ करणारीला देवानं शेवटी दुखणं दिलं, तेही पथ्याचं.

पण कुठल्याही कार्याला आम्ही दोघी शेजारी बसतो. परवा तिच्या नातीच्या लग्नात पुरणपोळीची पंगत होती. वाढपी भरधाव आला आणि तिच्या ताटात पोळी टाकून गेला. मी आपली माझ्या ताटातल्या भाताकडं बघत बसले, कारण समोर माझी सून. धाकटीनं सगळ्यांदेखत ती पोळी उचलली, तुपासकट माझ्या ताटात ठेवली आणि हात पुसत म्हणाली, "खा गं. तू खाल्लंस की माझ्या अंगी लागतं."

सून काहीतरी बोलणार होती. मी पिशवीतून गोळी काढली, घोटभर पाण्याबरोबर घेतली, आणि पोळी खाल्ली. तुकडा कशाला सोडीन मी?